बुटांच्या खोक्यातली माणसं

दोना देओलिंदा निवृत्त झाल्या त्या दुपारी
त्यांनी मला किल्ल्या दिल्या नाहीत,
किल्ल्या दारालाच लटकत असतात.
दिला बुटांचा एक खोका,
आत चारेकशे कार्डं,
कोपरे माशांच्या तेलानं पिवळे.

मातोझिन्योशच्या सार्डिन-कारखान्यांना
माणसं शोधून देणारी आमची कचेरी, दोन खोल्यांची.
मी नवा. माझ्याकडे संगणक,
त्यात चाळण्या: वय, अनुभव, अंतर, पगार.
बटण दाबलं की एकोणीस नावं.
कार्डं चाळली आणि हसू आलं.
पदवी नाही, तारखा नाहीत, नुसतं

'डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उजवीकडे बसावं.'
'रागावला की शीळ घालतो. तेवढंच.'
'भाऊ बुडाला. नोव्हेंबरात कामाचं बोलू नये.
फोन मात्र करावा.'

मग सार्मेंतोंच्या कारखान्याला मुकादमीण हवी झाली.
यादी आली, अकरा अटींची.
चार दिवसांत मी तीन बायका पाठवल्या,
अकराच्या अकरा अटींत बसणाऱ्या.
पहिली सहा आठवडे टिकली, दुसरी तीन,
तिसरी जेवणाच्या सुट्टीत गेली
एप्रन खुंटीला तसाच ठेवून.

दोना देओलिंदा परसात कोबीची पानं खुडत होत्या.
'पहाटे सहाला त्या कारखान्यात उभा राहिलायस कधी?'
'नाही.'
'मग सोयरीक कुणाची जुळवतोयस?
मुलगी पाहिलीस. सासर कोण पाहणार?'
आणि पानांची जुडी माझ्या हातात कोंबली,
सूप कर म्हणाल्या, बारीक झालायस.

शितावरून भाताची परीक्षा, असं म्हणतात.
त्या बाई पातेल्यापाशी बसून राहणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो.
वाफ, खवले, बेचाळीस कात्र्यांचा एकच आवाज.
नऊ वाजेपर्यंत मालक चारदा येऊन गेले:
आता तेलात भरा, नको, टोमॅटोत,
थांबा, आधी ते मोठे डबे.
दर खेपेला कात्र्या थांबत
आणि कुणी काही बोलत नसे.
हे अकरा अटींत नव्हतं.

कॉफी घेताना विचारलं,
'सगळ्यात जास्त टिकली ती कोण?'
अबिलियो सार्मेंतो कपातली साखर
विरघळून गेल्यावरही ढवळत राहिले.
'इदालिना. सतरा वर्षं.
ती मला म्हणायची, साहेब, बाहेर व्हा.'

रात्री खोका उपसला.
'एर्मेलिंदा फ्राद. हातात कात्री असली की
कुणाच्या बापाला भीत नाही.
सासू अंथरुणावर. आत्ता विचारू नये.'
खाली, दर वर्षी वेगळ्या शाईत:
'अजून नाही.'
'अजून नाही. मुलीचं लग्न ठरलं.'
'सासू गेली. फुलं दिली, बाकी काही बोलले नाही.'
'अजून नाही, पण हसली.'

मी फोन केला.
तिनं आधी विचारलं, दोना देओलिंदांचा गुडघा कसा आहे.
मग म्हणाली, 'आता खरं काय ते सांग.'
सांगितलं. वाफ, पगार, मालकाचं घडीघडीला बदलणं,
ती तीन बायका, आणि त्यात माझी चूक किती.
पलीकडे बराच वेळ नळ वाहत होता.
'सोमवारी येते. हो म्हटलेलं नाही, बघायला येते.'

अकराव्या दिवशी, म्हणे, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं:
'साहेब, बाहेर!'

सार्मेंतोंनी बिलावर घासाघीस केली अर्थात.
बुटांच्या खोक्यातल्या नावाचे एवढे पैसे?
मी पाच टक्के सोडले, सहावा सोडला नाही.

येताना कोऱ्या कार्डांचं पुडकं घेतलं.
पहिलं कार्ड, माझ्या वाकड्या अक्षरात:
'अबिलियो सार्मेंतो. दुपारी एकटेच जेवतात.
कॉफी थंड होऊ द्यावी. घाई करू नये.'