मंगळापलीकडचा चिंचोका

इब्रीपासून पन्नास किलोमीटर आत,
जिथं डांबर संपून नुसती चाकोरी उरते,
तिथं सुलैम मास्तरांच्या खजुराच्या कोठारावर
आमची दुर्बीण. चौदा इंची,
उंटाच्या जुन्या झुलीत गुंडाळून ठेवलेली.

दिवसा मी खडी तपासतो.
रस्त्याच्या ठेकेदाराची प्रयोगशाळा, सोळा वर्षं झाली:
भट्टीत वाळवायची, तारेच्या टोपलीत घालून पाण्यात तोलायची,
वहीत लिहायचं, घनता दोन पूर्णांक नऊ. पास.
इथले डोंगर समुद्राच्या तळातून वर आलेले,
काळेहिरवे, जड.
हातात घेतला की दगड सांगतोच तो कोण.

हा मात्र हातात येणारा नव्हता.
जानेवारीतल्या एका रात्रीचे तीन फोटो,
वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं.
सगळ्या चांदण्या जागच्या जागी,
एक ठिपका तेवढा सरकलेला. केसभर.
मास्तर म्हणाले, "गुबार आहे, धूळ."
मी म्हटलं, धूळ इतकी सरळ चालत नाही.
दुसऱ्या रात्री तो होता,
गणितानं म्हटलं होतं तिथंच.
मास्तर फिंजान हलवायचं विसरले
आणि त्यांचा पुतण्या हिलाल कॉफी ओततच राहिला.

कुणाच्याच यादीत नव्हता तो.
कच्चा क्रमांक मिळाला, अक्षरं आणि आकडे.
नाव नंतर; आधी कक्षा पक्की व्हायला हवी,
त्यासाठी त्यानं चार-पाच फेऱ्यांत दर्शन द्यायला हवं,
आणि एक फेरी साडेचार वर्षांची.

मी मंगळवेढ्याचा.
मास्तरांना एकदा फोड करून सांगितली होती:
मंगळ म्हणजे तुमचा मिर्रीख, आणि वेढा म्हणजे वेढा.
ते आठवून हसले.
"म्हणजे तुझ्या गावाच्या वेशीबाहेरच सापडला की रे!"

मग रात्रीमागून रात्री फक्त उजेड मोजला.
वाढतो, मंदावतो, पुन्हा वाढतो;
सात तास बावीस मिनिटांत एक गिरकी,
दोन चढ, दोन उतार.
म्हणजे गोल नाही. लांबट, एका बाजूनं चेपलेला,
चिंचोक्यासारखा.
लांबी सव्वाचार किलोमीटर
(कोठारापासून फलजच्या मुखापर्यंत, मास्तरांच्या हिशेबानं).
रंग तव्याच्या बुडाचा:
शंभर किरण पडले तर पाच परत देणार.
हे आमच्या दुर्बिणीचं काम नाही,
दुसऱ्यांनी मोजून कळवलं. आम्ही भिंतीवर खडूनं लिहिलं.

तिसऱ्या हिवाळ्यात एकदा
उजेड वेळापत्रकाबाहेर घसरला.
आभाळ लख्ख होतं. दुर्बीण पुसली, तारा तपासल्या.
अडतीस तासांनी पुन्हा तसंच.
हिलाल म्हणाला, "त्याच्यापुढून कोणी गेलं."

खरंच. अर्ध्या किलोमीटरचा एक सोबती,
त्याच्याभोवती फिरणारा.
आणि फिरणारं कुणी असलं की वजन काढता येतं.
कंपनीच्या फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलं,
वजन भागिले आकारमान:
एक पूर्णांक तीन.

तीनदा मांडलं.
आमच्याकडे हा आकडा सरळ नापास.
इतका हलका दगड नसतोच.

तो दगड नव्हता.
खडीचा ढीग होता, निम्मा पोकळ.
कधीतरी काहीतरी येऊन आदळलं, सगळं फुटलं,
आणि तुकडे सावकाश मागे वळले,
एकमेकांना टेकले.
डांबर नाही, सिमेंट नाही, वरून रोलर फिरलेला नाही.
तिथं हिलालनं जोरात उडी मारली
तर तो परत यायचा नाही.
आणि तरीही ढीग गिरक्या घेतोय, सात तास बावीस मिनिटं,
कुणास ठाऊक कधीपासून.

नावावरून आमचं अजून जमलेलं नाही.
मास्तरांना आईच्या आटलेल्या फलजचं नाव द्यायचंय.
माझं मी सांगितलेलं नाही.

त्या सकाळी न झोपताच साइटवर गेलो.
गुलमीरच्या टिपरनं खडी ओतली.
ढीग जरा वेळ घसरत राहिला,
एकेक खडा जागा शोधत,
मग थांबला.
मीही थांबलो, कामाला लागतो त्यापेक्षा जास्तच.
"बाबूजी," गुलमीर केबिनमधून ओरडला,
"सॅम्पल लेना है कि नहीं?"

वाकलो. फावडं घेतलं.