आरशाचा माठ

एस्तेर पाखरे आमच्या सलूनमध्ये आली ती
फुटका आरसा मागायला.
दाढीला बसलेली माणसं फेसासकट वळली.
एक्क्याऐंशी साल, जुना जालना.
बाप मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर,
ही चर्चमध्ये मागच्या ओळीत उभी राहून गाणारी.
म्हणाली, डिस्कोत असतो तसला गोळा पाहिजे. फिरणारा.

मी कुंभाराकडून माठ आणला.
रात्रभर लांबी लावून तुकडे बसवले,
एखाद्यात कुणाची तरी अर्धी भिवई राहिलीच असंल.

मग ती मिस एस्टेला झाली.
परतूर, सेलू, गंगाखेड,
जिनिंगच्या पटांगणात सरकीच्या ढिगावर पोरं चढलेली.
झग्याला चमक्या आईनं लावल्या,
बापानं दोन वर्षं अबोला धरला
अन् घशासाठी औषधाची बाटली मात्र दर दौऱ्याला भरून दिली.

मोटर नव्हती. मी खांबाला टेकून दोरीनं माठ फिरवायचो.
गाणं वाढलं की मनगट भरून यायचं.
ठिपके पळायचे फौजदाराच्या टोपीवरून,
शेंगदाणेवाल्याच्या तराजूवरून.

हिंगोलीला लाइट गेली. माइक मेला.
ती थांबली नाही.
तेवढं एकदाच मी तिला ऐकलं,
अंधारात, काहीच दिसत नसताना
माठ फिरवत.

कॅसेट निघाली एक. पाचशे नग.
कव्हरवर डिस्कोचं ‘डिक्सो’ छापलं.
दोनशे खपल्या,
बाकीच्यांवर मालकानं कीर्तन भरून विकलं.
पुढं भिंतीएवढे खोके आले गाड्यावर,
त्यांना गळा लागत नव्हता.

एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत
बावीस वर्षं काढली तिनं.
मंठा, जिंतूर, परभणी, फलाट क्रमांक चार.
परभणीतला ‘भ’ असा कमरेतून काढायची
की चढता चढता माणूस पायरीवर थबकायचा,
मागचा शिव्या द्यायचा.

परवा तिच्या भावाच्या मोसंबीच्या बागेत गेलो.
माठ तिथं टांगलाय, पाखरं हाकायला.
आमचंच आडनाव हाकतोय, म्हणून हसली.
पाखरं काही उडत नव्हती,
फांद्यांवरून ठिपक्यांच्या मागं लागली होती.

मी वर बघत राहिलो.
बाजेवरून ती म्हणाली,
वाऱ्याला ताल नाही.
तू बरा होतास.