दर दिसा कोळवें १

मामलेदार कचेरीतून कागद आला:
गर्भकुडीतल्या दिव्याचं तेल
यापुढे लिटरमध्ये दाखवावं,
दशांशानंतर तीन घरं.
आमच्या वहीत, तिला कापडाची पाठ लागली तेव्हापासून,
एकच ओळ वर्षानुवर्षं उतरत आलेली:
दर दिसा कोळवें १.

शिरोड्याच्या बाजारात विचारलं, दोन्ही दुकानांत.
शेर माहीत होता त्यांना, पायली ऐकून.
कोळवं म्हटल्यावर नायकांचा म्हातारा हसला,
म्हणाला, आई शिव्या देताना वापरायची,
कोळवंभर अक्कल नाही म्हणून.
किती ते तिनं सांगितलं नाही.

खेमल्यानं आणलं शेवटी,
रोज तिन्हीसांजेला वात सारणाऱ्या खेमल्यानं,
पंचाला पुसत पुसत.
पितळेचं. एका अंगाला पोचा,
अंगठा नेमका तिथंच बसतो.
"हें," म्हणाला.

हायस्कुलातून मी मोजायचा काचेचा नळा मागून घेतला,
विज्ञानाच्या बाईंनी सही घेऊनच दिला.
त्यात एक लिटर खोबरेल.
खेमलो ओततो आणि मोजतो:
लाभ.
दोन.
तीन.
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत
हे मला ठाऊक होतं, तरी बोटांवर
मी एकानं मागे पडले.
आठ भरली. तळाला उरलं
चाळिसाच्या रेघेला टेकलेलं.

म्हणजे एकशेवीस मिलिलिटर.
शून्य, टिंब, एक, दोन, शून्य.
संपलं असतं काम.

"मार्गशीर्षात रात्र मोठी," मी विचारलं,
"तेव्हा पुरतं?"
"वात बारीक करतां," म्हणाला,
"कोळवें म्हणल्यार एक रात. रात व्हड जाली
म्हण कोळवें व्हड जायना."

पण मूळ दस्त पाहायलाच हवा म्हणून कपाट उघडलं.
आवडी. एवढंच नाव, पुढं आडनाव नाही.
तळीमागचे बावीस माड तिनं
दिव्याला लावून दिलेले.
त्याची पोर्तुगीज नक्कल करताना नोटरी
कोळव्यापाशी अडला असणार,
टाक बुडवला असणार, पुन्हा बुडवला असणार,
आणि मग, जेवायची वेळ झाली म्हणून की काय,
लिहून मोकळा झाला: अर्धं क्वार्तील.

अर्धं क्वार्तील म्हणजे एकशे पंचाहत्तर.
तेव्हापासून तेल येतं नोटरीच्या मापानं
आणि जळतं आवडीच्या.

रोजचे पंचावन्न.
वर्षाचे वीस लिटर,
एका दुपारी एका माणसाच्या टाकातून सांडलेले.

"जातं कुठं रे?"
खेमल्यानं दिव्याकडे नाही पाहिलं,
तळीकडे पाहिलं.

तळीमागच्या घरात आता सुकांताबाय एकटीच.
देवळातलं गाणं बंद झालं
तेव्हा अकरा वर्षांची होती म्हणतात,
एक ख्याल अर्धा शिकलेला.
तिच्याकडून रोज एक वाटी येते मागच्या दारानं,
तिच्या आईकडून यायची, त्या आधी आणखी कुणाकडून,
आणि भरून जाते.
आधी घरात दिवा लावायला जायची.
आता घरात वीज आहे;
गुडघ्यांना चोळते.

कुणी हे ठरवलं, विचारलं.
खेमलो म्हणाला, "ठरयल्लें ना कोणें."

मी कागद पुढं ओढला.
१ कोळवें = ०.१७५ लिटर.
आधार: नोटरीची नक्कल, पान चार.
प्रत्यक्ष मापून पाहिले काय, असा एक रकाना होता.
त्यात मी 'होय' लिहिलं,
ते काही खोटं नव्हतं.

नळा दोनदा राखेनं घासला,
एकदा साबणानं,
तरी उजेडात धरला की आतून
तेलाचा पदर दिसत राहिला.
बाईंनी तो बोटानं तपासला,
बोट नाकाशी नेलं,
वहीतल्या माझ्या सहीवर काट मारता मारता
मान वर न करता विचारलं,
"किती भरलं?"