रंग : मेंढीचा

पुण्याच्या बाईंनी विचारलं, निळ्यात मिळेल का?
मी मोठ्यानं वाचून दाखवलं.
खड्ड्यात पाय सोडून बसलेले रेवणअप्पा
मागावरून मान न उचलता म्हणाले,
"इचार मेंढीला."

मी लिहिलं : सध्या काळा आणि करडा उपलब्ध.
बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला एवढं येतं.

फोटो गच्चीवर काढावे लागतात, सकाळी नऊच्या आत.
नंतर उदगीरचं ऊन काळ्याला काळं राहू देत नाही
आणि नसरीनचाचीच्या मिरच्या कोपऱ्यातून आत येतात.
एका फोटोत अप्पांचा अंगठा आला,
चिंचोक्याच्या खळीनं कडक, नखाशी चिरलेला.
मी तो कापणार होते, राहून गेलं.
त्याच फोटोवर लोक सगळ्यात जास्त थांबले.
आता अंगठा मुद्दाम ठेवते.
याचं वाईट वाटतं. थोडं. फार नाही.

किंमत ठरवायला वही घेतली.
लोकर, हाळीच्या धनगराकडून, किलोवर.
चिंचोके, बाजारातून, पायलीनं.
चुलतीची कताई : अकरा दिवस, मालिका बघत.
विणाई : चार.
मजुरीच्या रकान्यात काय लिहू, म्हटलं,
तर अप्पांनी मलाच विचारलं,
"तू हितं जेवतीस, त्येचं किती लावलीस?"
रकाना तसाच आहे.

मग एक घोंगडं परत आलं.
खोक्यावर आमची चिकटपट्टी, तिच्यावर त्यांची.
आत चिठ्ठी :
जनावराचा वास येतो. अंगाला टोचतं.
चुलती म्हणाली, "खोटं काय लिवलंय त्यात?"
अप्पांनी घडी मोडली, नाकाशी नेली,
बराच वेळ तसेच उभे.
मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलतील.
म्हणाले,
"ह्ये थोरल्या कळपातलं. गुदस्ताचं."

त्या रात्री तेच पांघरून
मी वर्णन पुन्हा लिहायला घेतलं :

वास येतो. चार उन्हं दाखवल्यावर कमी होतो, जात नाही.
टोचतं. महिनाभर.
पुढे एक तर ते मऊ होतं, नाहीतर तुम्ही निबर.
धुऊ नका. भिजलं की उचलत नाही,
आणि भिजत घोंगडं म्हणजे काय
ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.
रंग : मेंढीचा.

आठ दिवस कुणी हूं की चूं केलं नाही.
नवव्या दिवशी फोन वाजला.
परळीचे हणमंत गुट्टे, एस.टी.तून रिटायर, कंडक्टर.
"वास नक्की येतो ना?"
"येतो."
"मग पन्नास कमी करा."

मी सांगणार होते, काका, किंमत खाली लिहिलेली आहे,
ठरलेली आहे.
पण अप्पा हात पुसून उभे होते. फोन घेतला.

माळेगावच्या जत्रेत ते असेच बसायचे म्हणे,
मांडीवर घोंगडं, समोरचा उठून निघालेला,
आणि अप्पांना ठाऊक,
की तो लोखंडी पाळण्यापर्यंत जाऊन माघारी फिरणार.
वर्षभर मी त्यांना गिऱ्हाइकं दाखवली,
अंगठे, हृदयं, हात जोडलेले पंजे.
भांडायला एकही आणून दिलं नव्हतं.

पन्नासवरून बोलणं चाळीसवर आलं,
चाळीसवरून लातूर आगाराच्या जुन्या गाड्यांवर,
तिथून गुडघ्यांवर,
गुडघ्यांवरून हाळी-हंडरगुळीच्या बैलांवर,
आणि अर्ध्या तासानं, दोघांनाही दम लागल्यावर,
वीसवर येऊन टेकलं.

वहीत लिहिलं : सूट, वीस रुपये.
मजुरीचा रकाना अजून रिकामा.
पेन तिथं ठेवलं, उचललं.
आत मागाचा ठोका सुरू झाला होता,
रोजच्यापेक्षा जोरात, आडदांड,
आणि चुलती चुलीपासून ओरडत होती,
"हळू की वो! फळी मोडंल!"