इंजिन चालू

ईरी शहरात जानेवारीत कुणी गाडी बंद करत नाही.
बंद केली तर पुन्हा सुरू होईल
याचा भरवसा नसतो.
सरकारी वकील फिलाडेल्फियाचे. ते म्हणाले,
इंजिन चालू होतं, म्हणजे पळायची तयारी.
मी ज्युरीतला सातवा. धंदा पियानो सुरात लावायचा.
कानाचा पक्का, तोंडाचा कच्चा.
बोललो नाही.

मुलगा एकोणीस वर्षांचा. डॅरिअन ट्रॉटर.
तो औषधांच्या दुकानात शिरलाच नव्हता.
मागच्या गल्लीत गाडीत बसून
हीटरच्या जाळीत अडकलेलं नाणं
नखाने उचकटत होता.
आत त्याचा मावसभाऊ,
आणि गल्ल्यामागे म्हातारे व्होइचिक,
ज्यांना कुणी बोटही लावलं नाही.
ते नुसते खाली बसले.
डॉक्टर म्हणाले, हृदय.
कागदावर लिहिलं होतं, खून.

न्यायाधीशबाईंनी दोनदा वाचून दाखवलं:
लुटीचा इरादा सिद्ध झाला
की जीव घ्यायचा इरादा वेगळा शोधायचा नाही.
कायदा तो उसना घेतो.
उसनं घेतलेलं मग परत कोण करतं?
हेही विचारायचं राहिलं. चार वाजले होते,
पार्किंगमध्ये बर्फ चढत होता.

पहिल्या रांगेत ओतिलिया व्होइचिक,
मांडीवर नवऱ्याची लोकरी टोपी.
तिच्याकडे पाहिलं की वाटे,
कुणीतरी हे भरून द्यायलाच हवं.
त्याच्याकडे पाहिलं की वाटे,
नाणं निघालं असेल का.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे ऐकून होतो.
ओल्याला सुकं ठरवायला
बारा माणसं लागतात, हे तिथे कळलं.
शिक्षा काय ते आम्हाला आधी सांगत नाहीत.
मी पेपरात वाचली: मरेपर्यंत. पॅरोल नाही.
गल्ल्यातून गेले होते दोनशे बारा डॉलर.

याला सव्वीस वर्षं झाली.
आज बायको दुकानात गेलीय, डोळ्यांचे थेंब आणायला.
मी गल्लीत. काचा वर, इंजिन चालू.
आत काय चाललंय मला दिसत नाही.
आत कोण आहे, कुणाचं हृदय कसं आहे,
मला कुठे माहीत?

इंजिनाचा सूर जरा उतरलाय.
मी चावी फिरवतो.
बंद.

थंडी पायांकडून वर येऊ लागते.