दोनशेला तेरा कमी

रात्री तीन बाराला पार्नूची वीज गेली,
अकरा सेकंदच.
पण स्पॅमची गाळणी नेमकी तेव्हाच
जुने शब्द झटकत बसली होती.

सकाळी बंदराच्या कचेरीत
बर्फाचा अहवाल कचऱ्यात,
वाटाड्या बोटींच्या वेळा कचऱ्यात,
कप्तान राउड्सेपचा राजीनामाही कचऱ्यात
(तो मात्र कोणी शोधला नाही).
आणि टपालात सगळ्यात वर, ठळक:
अभिनंदन, आपली निवड झाली आहे.

सेवा थांबव, प्रत घे, मगच हात लाव.
हा क्रम इल्मारने घोटवून घेतलेला,
निवृत्त होण्याआधी.
अडकून पडलेलं कुलूप काढलं,
डेटाबेस ओतून पाहिला.
शब्द ओळीने उतरले, प्रत्येकापुढे दोन आकडे,
किती वेळा खरा, किती वेळा खोटा.
'तातडीचे': खरा चार, खोटा नऊ हजार.
'प्रिय'चं तर विचारूच नका.
मग 'बर्फ' यायचा होता. 'बर्' आला.
पुढे नुसती शून्यं.

दुरुस्तीची आज्ञा दोनदा दिली.
दोनदा उत्तर आलं, सगळं ठीक,
आणि बिघाड जागच्या जागी.
बॅकअप काढला: रविवारचा, शून्य बाइट.
त्याआधीचा रविवार, तोही शून्य.
म्हणजे वर्षभर कोणीतरी
रिकाम्या डब्याला झाकण लावून
फळीवर नीट मांडत होतं.
ते कोणीतरी मीच.

पाटी कोरी.
दोनशे वाईट आणि दोनशे चांगली पत्रं दाखवल्याशिवाय
नवी गाळणी तोंड उघडत नाही.
वाईट तासाभरात जमली.
चांगली एकशे सत्त्याऐंशी,
एवढ्या मोठ्या बंदरात.
बाकीची सगळी 'सोबत जोडले आहे, पाहावे'.
त्यातून कोण काय शिकणार?

इल्मारला फोन केला. तो मधमाश्यांत होता.
"तेरा हवीत. कशाबद्दलही लिही,
पण खरं."

अंधार पडेपर्यंत तेरा आली.
हिवाळ्यातून वाचलेल्या चार पेट्या.
गुडघा.
लाइनेला ऐकू कमी येतं, म्हणून ती हल्ली मोठ्याने गाते.
धूर देताना तो मनात कुणाला शिव्या घालतो, नावासकट.
अकराव्यात एकच ओळ: तू जेवलीस का?

एकेक करून शिकवलं.

आता बर्फाचा अहवाल वेळेवर येतो,
लॉटऱ्या दाराबाहेर.
फक्त मधाच्या जाहिराती,
भेसळीच्या, अर्ध्या किमतीच्या,
सरळ आत येतात, रोज दोन-तीन.
गाळणीला वाटतं, इल्मारच आला.

नियम लिहायला दोन मिनिटं लागतील.
लिहीन.