वरखर्च

इकेजा, लागोस. पहाटेचे चार.
काउंटरच्या या बाजूला मी, रात्रपाळीची कॅशियर,
त्या बाजूला खोली क्रमांक दोनशे सात:
क्वाब्ला अगबेको, राहणार अक्रा,
पाण्याच्या मीटरच्या नमुन्यांनी भरलेली एक बॅग
आणि घडी मोडलेला एकच सूट.

बुकिंगच्या कागदावर भाडं होतं
एका रात्रीचे अठ्ठावन्न हजार,
आणि त्यापुढे दोन बारीक अधिकचिन्हं,
डासांसारखी.
येताना कुणाला दिसत नाहीत.
निघताना चावतात.

बिल मोठ्यानं वाचायचं, असा नियम आहे.
सेवाशुल्क. कर. राज्याचा निराळा कर.
विमानतळावरून आणलं त्याचे,
आणि गाडी पुलावर अडीच तास खोळंबली
त्या खोळंब्याचेही.
खोली दुपारी दोनपासून, तुम्ही आलात सकाळी नवाला,
म्हणून अर्धा दिवस.
शर्ट तीन.
वायफाय लॉबीत फुकट, पण तुम्ही खोलीत बसलात.
मी वाचत जाते, ते मान हलवत जातात,
शाळेत हातचा धरताना हलवतात तशी.

आणि डिझेल.

"डिझेल?" त्यांनी चष्मा काढला.
"मी गाडी कुठे आणली होती?"
जनरेटर, सर. वीज जाते तेव्हाचं.
"किती वेळा गेली?"
आली किती वेळा ते विचारा,
असं मी म्हणत नाही.
म्हणते, चार रात्री मिळून एकतीस तास.
तुमच्या खिडकीखाली जो गुरगुरत होता
त्याच्या पोटाला घातलेलं.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.
मग आवाज उतरवून म्हणाले,
"कंपनी डिझेल देत नाही. फॉर्मवर तसा रकानाच नाही.
जेवणाचा आहे."

लॉबीत कुणी नव्हतं. फक्त मत्स्यालय,
त्यातही पंप बंद.
मी एक ओळ पुसली.
त्या जागी लिहिलं: रात्रीचं जेवण, चार वेळा, मासा आणि भात.
रक्कम तीच.
यंत्र प्यायलं होतं,
आता माणूस जेवला.

खरं जेवण मला ठाऊक आहे.
दुसऱ्या दिवशी ओसारुग्वे दोनशे सात झाडून खाली आली
तेव्हा तिच्या एप्रनच्या खिशात
सार्डिनचे दोन रिकामे डबे होते.
बाहेरचं खाणं खोलीत सापडलं तर दंड,
आणि कचरा मॅनेजर स्वतः उचकून बघतात,
म्हणून तिनं ते घरी नेले.
एकात तिची धाकटी खडू ठेवते.
दुसऱ्याच्या पत्र्यानं बोट कापलं,
दोन दिवस ती रबरी मोजे घालून
बाथरूम घासत होती.
हे कुठल्या रकान्यात घालायचं
मला सुचलं नाही. मी बोललेही नाही.

"अनामत?"
वीस हजार, सर. सात दिवसांत खात्यावर.
सातचे सत्तर होतात
हे मलाही माहीत आहे, त्यांनाही.
दोघांनी सही केली.

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.
(थांबण्याचे पैसे तोही लावणार.)
दारापर्यंत जाऊन ते परत आले.
मला वाटलं, आता भांडतील.
भांडणाऱ्यांची मला सवय आहे,
माफी मागायची चार वाक्यं पाठ आहेत.

"साहेब विचारतील," ते म्हणाले,
"मासा कुठला होता?"
क्रोकर, मी म्हणाले. भाजलेला. तिखट जरा जास्त.

त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली,
क्षणभर तोंडात काही घोळवल्यासारखं केलं.

"हो," म्हणाले, "तिखट होता.
पण चांगला होता."